माळावर पेरलेले देशी गवत उगवत का नाही? बियांची सुप्तावस्था आणि आमची फसलेली पेरणी

माळकरी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत आम्हा सहा जणांचा मिळून नऊ एकरांचा मुरमाड माळ आहे. पूर्वी तेथे कुणीतरी चर खणून ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष लावला होता. तो काढून मूळचे गवत परत आणावे, या हेतूने आम्ही मागील कार्तिकात आसपासच्या राखलेल्या कुरणांतून, मालकांची परवानगी घेऊन, कुसळी, शेडा, पवना, डोंगरी आणि मारवेल या गवतांचे बी हाताने ओरबाडून गोळा केले. पुढे जे घडले त्याचा अर्थ आम्हाला लागत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

थोडे बी आम्ही डिसेंबरातच वाफ्यात टाकून त्याला झारीने पाणी दिले. महिनाभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कोंब दिसले. उरलेल्या बियांपैकी बहुतेक बी खराब होऊ नये म्हणून बंद डब्यांत भरून एका मित्राच्या शीतकपाटात ठेवले आणि जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर माळावर पेरले. तेथेही उगवण जेमतेमच झाली. मात्र एक अर्धी गोणी नजरचुकीने अवजारांच्या पत्र्याच्या खोपटात, अगदी छताखाली, पूर्ण उन्हाळाभर पडून होती. उंदरांनी ती फोडलेली दिसल्यावर आम्ही वैतागून जूनच्या अखेरीस भिंतीलगत झटकून टाकली, आणि आज त्या भिंतीलगत कुसळीची अशी दाट रांग उभी आहे की जणू कुणी मापून पेरली असावी. जपून ठेवलेले बी रुसले आणि टाकून दिलेले उगवले, हे कसे?

दुष्काळी

स्टायलो हेमाटा (चाऱ्याचे शेंगवर्गीय पीक) आणि सुबाभूळ यांच्या बिया आम्ही गरम पाण्यातून काढून मगच पेरतो, कारण त्यांचे कवच टणक असते आणि पाणी आत शिरत नाही. आपल्या गवताच्या बियांचेही तसेच असावे. उकळलेले पाणी थोडे निवू द्यावे, बी त्यात काही मिनिटे बुडवावे आणि सावलीत सुकवून पेरावे, असे मी सुचवेन.

बीजतपासनीस

दुष्काळी यांचा उपाय द्विदल शेंगवर्गीय वनस्पतींसाठी अगदी योग्य आहे. गवताला मात्र कृपया लावू नये. बिया पाणी शोषून घेत नाहीत म्हणून निद्रिस्त राहतात, हा प्रकार गवतांच्या कुळात आढळत नाही. बियांच्या सुप्तावस्थेचे जे वर्गीकरण अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या कॅरोल आणि जेरी बास्किन या दांपत्याने रूढ केले, त्यानुसार गवतांची सुप्तावस्था शरीरक्रियात्मक आणि बहुधा उथळ स्वरूपाची असते. म्हणजे दाणा पाणी पितो, फुगतो, पण आतला भ्रूण हालचाल करत नाही. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक त्याला थोपवून धरते आणि जिबरेलिन त्याला पुढे ढकलते. ताज्या दाण्यात पहिल्याचा जोर अधिक असतो. शिवाय दाण्याभोवतीचे तूस भ्रूणाला मिळणारा प्राणवायू अडवते आणि कोवळ्या मुळाला बाहेर पडताना आडकाठी करते. असा दाणा गरम पाण्यात टाकला, तर झोप मोडण्याऐवजी भ्रूण शिजण्याचीच शक्यता जास्त.

आता माळकरी यांचे कोडे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर बी मुरावे लागते. आपल्याकडील बहुवर्षायू गवते साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बी टाकतात आणि त्यानंतर सहा-सात महिने पावसाचा भरवसा नसतो. या काळात उगवणे म्हणजे मरणे. म्हणून दाणा हिवाळा काढतो, मग तापलेल्या जमिनीवर उन्हाळा काढतो, आणि त्या कोरड्या उष्णतेतच त्याची सुप्तावस्था हळूहळू ओसरते. कुसळीच्या ताज्या दाण्याला यासाठी सहा महिने ते वर्षभर लागू शकते. डिसेंबरातल्या वाफ्यात आपण न मुरलेले बी टाकले होते. शीतकपाटाने तर मुरण्याची क्रियाच थांबवली, कारण कोरड्या थंडीत जशी बियांची जीवनशक्ती टिकते तशी त्यांची झोपही टिकते. पत्र्याखालच्या गोणीला मात्र चैत्र-वैशाखाचे पूर्ण ऊन मिळाले.

शीतकपाटाची कल्पना बहुधा अमेरिकेतील प्रेअरी गवतांविषयीच्या माहितीतून आली असावी. तेथील गवते बर्फाळ हिवाळ्यातून जातात आणि त्यांतील अनेकांना ओल्या वाळूत, थंडीत काही आठवडे ठेवल्यावर जाग येते. ती थंडी ओली असते. डब्यातील थंडी कोरडी. आणि आपल्या कुसळीला हिवाळ्याची नव्हे, उन्हाळ्याची खूण हवी असते.

एक गोष्ट मात्र सुप्तावस्थेच्याही आधी तपासायला हवी. आपण गोळा केलेल्या प्रत्येक तुसात दाणा होता का?

माळकरी

दाणा होता की नाही, हे आम्ही पाहिलेच नाही. गोणी भरली म्हणजे बी मिळाले, असे आम्ही धरून चाललो होतो. तपासायचे कसे, ते कृपया सविस्तर सांगावे. आणखी एक कबुली द्यायची आहे. आम्ही एका विक्रेत्याकडून ‘देशी गवतांचे मिश्रण’ म्हणून दहा किलोची पिशवीही घेतली होती, आणि त्यातून जवळजवळ काहीच उगवले नाही.

बीजतपासनीस

कुसळी, शेडा, पवना, मारवेल आणि डोंगरी ही सर्व गवते ज्या गटातील आहेत, त्यात कणिशिका (कणसातील तुसांनी वेढलेले फुलांचे लहान घटक) जोडीने येतात. एक दांड्याला थेट चिकटलेली असते आणि दुसरी लहानशा देठावर असते. दाणा धरतो तो सामान्यतः चिकटलेल्या कणिशिकेत. देठाची कणिशिका नर किंवा वांझ असते. डोंगरी गवतात तर टोकाला तिघींचा झुबका असतो, त्यात एक बिनदेठाची आणि दोन देठाच्या, म्हणजे उत्तम वर्षातही त्या झुबक्यातील दोन तुसे पोचटच राहणार. कुसळीच्या कणसाच्या खालच्या भागातील हिरवट, बिनकुसळाच्या जोड्याही दाणा धरत नाहीत. दाणा असतो तो वरच्या, तपकिरी केसांच्या आणि लांब कुसळाच्या कणिशिकांत. त्यामुळे सुपात जे दिसते त्यातील निम्म्याहून अधिक माल निसर्गतःच फोल असतो, आणि ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी उरलेल्या तुसांतही दाणा भरत नाही.

तपासणी सोपी आहे. गोणीत वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठ-मूठ माल काढावा, एकत्र करावा आणि त्यातून न निवडता शंभर कणिशिका मोजून घ्याव्यात. पांढऱ्या कागदावर एकेक ठेवून नखाने किंवा पात्याच्या टोकाने दाबावी. भरलेली कणिशिका नखाखाली टणक लागते; पोचट असेल तर चपटी होते. शंका असल्यास पात्याने आडवी कापून भिंगाखाली पाहावी, म्हणजे पांढरा पिठूळ भाग लगेच दिसतो. भरलेला दाणा जिवंत आहे का, हे पाहायचे असेल तर प्रयोगशाळेत टेट्राझोलियमची परीक्षा होते. भिजवलेला दाणा उभा कापून त्या द्रावणात ठेवला की जिवंत भ्रूण लाल होतो, मेलेला रंगहीन राहतो. उगवला नाही पण लाल झाला, तर तो झोपलेला आहे. हा भेद कळल्याशिवाय ‘बी खराब निघाले’ असे म्हणणे अन्यायाचे ठरते.

आणि बियाणे विकत घेताना किलोचा भाव विचारू नये, शुद्ध जिवंत बियाण्याचा विचारावा. समजा, पिशवीतील 40 टक्के वजन भरलेल्या दाण्यांचे आहे आणि त्यातील निम्मे जिवंत आहेत, तर दहा किलोंच्या पिशवीत आपण दोनच किलो बी विकत घेतले.

रानवेडी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ठोंबे लावावीत, असे माझे मत आहे. मारवेलाची ठोंबे मूठभर मुळांसकट खणून पावसाच्या झडीत लावली तर दुसऱ्या वर्षी पसरतात, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे सुधारित वाणही दिलेले आहेत. अंजन गवताचे बी तर झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेच्या वाणांत सहज मिळते.

बीजतपासनीस

चाऱ्यासाठी हा उत्तम मार्ग आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु नऊ एकरांवर ठोंबे लावायची, तर ती कुठल्यातरी कुरणातूनच खणून आणावी लागतील, म्हणजे एक माळ भरताना दुसरा उघडा पडेल. एकाच ठोंबाची शंभर ठोंबे केली तर ती शंभर रोपे अनुवांशिकदृष्ट्या एकच असतात, हाही मुद्दा आहे. सुधारित वाण भरपूर पाला देण्यासाठी निवडलेला असतो. माळावर हवे ते पाच-सहा जातींचे, उंच-ठेंगणे, लवकर-उशिरा फुलणारे मिश्रण. 1973 साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताळ प्रदेशांचे जे पाच प्रकार मांडले, त्यांत दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा भाग शेडा आणि मारवेल यांच्या वंशांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या माळाचे मूळ रूप शोधायचे असेल तर मी तेथून सुरुवात करेन.

ब्रिस्बेनकर

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातील असून गेली अनेक वर्षे क्वीन्सलँडमध्ये आहे. आपली कुसळी येथेही स्थानिक म्हणून वाढते आणि तिला ब्लॅक स्पिअर ग्रास म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसणाऱ्या तिच्या कुसळांवरून हे नाव पडले असावे, हे आपल्यापैकी ज्यांचे पायमोजे कुसळांनी भरले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

येथे धुराचा बराच अभ्यास झालेला आहे. धुरातील नेमका कोणता पदार्थ बियांना जागे करतो, हे 2004 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी शोधून काढले आणि त्या कुळातील पदार्थांना पुढे कॅरिकिन हे नाव मिळाले. तेथील नूंगार आदिवासींच्या भाषेत ‘कॅरिक’ म्हणजे धूर. कुसळीच्या बियांवर धुराच्या पाण्याचा अनुकूल परिणाम झाल्याचे येथील प्रयोगांतून दिसलेले आहे. वाळके गवत जाळून त्याचा धूर पाण्यातून नेला की असे पाणी तयार होते; मात्र ते भरपूर पातळ करून वापरावे लागते, कारण दाट द्रावण उगवण रोखते. याचा अर्थ माळ पेटवावा असा मुळीच नाही. वणव्याने जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि आधीच उगवलेली रोपे जातात.

दोन गोष्टी जोडतो. हवाई बेटांवर याच गवताला पिली म्हणतात आणि पूर्वी तेथील घरे त्याने शाकारत. काहोओलावे नावाचे बेट अमेरिकन नौदलाने अनेक दशके बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरले होते. त्याच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर पिलीचे बियांसह कापलेले गवत गठ्ठ्यांच्या रूपात नेऊन टाकले गेले. बी वेगळे न काढता गवतासकट पसरायचे, ही युक्ती आपल्याकडेही करण्याजोगी वाटते. दुसरी गोष्ट अंजन गवताची. ते आपल्याकडे मूळचे आहे, परंतु ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात ते आक्रमक तण झाले आहे. त्यामुळे रानवेडी यांच्या सूचनेत अंजनाचे प्रमाण बेतानेच असावे.

माळकरी

आपणा सर्वांचे आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघे जण भिंग घेऊन बसलो. गेल्या वर्षीच्या शिल्लक मालातील शंभर कुसळी, शंभर डोंगरी आणि विकतच्या मिश्रणातील शंभर कणिशिका नखाने दाबल्या. कुसळीत 38 भरलेल्या निघाल्या, डोंगरीत 17, आणि विकतच्या मिश्रणात 4. हे आकडे पाहून आमच्यातील एकाने विकतची पिशवी थेट गोठ्यात नेऊन गाईंखाली पसरली.

कुसळांनी गुंता झालेला एक झुबका आम्ही ताटलीत ठेवून त्यावर पाणी शिंपडले, तेव्हा त्याची पिळलेली कुसळे उलगडू लागली आणि सगळा झुबका ताटलीत सरकला. सुकल्यावर पुन्हा पीळ बसला. बी स्वतःला जमिनीत कसे खुपसते हे पुस्तकात वाचले होते. ताटलीत पाहताना आम्ही चहा विसरलो.

आता प्रश्न असा आहे की, जिबरेलिक आम्ल किंवा पोटॅशियम नायट्रेट वापरून सर्व बियांची सुप्तावस्था पेरणीआधीच मोडून टाकावी का? म्हणजे एकाच पावसात सगळे उगवून येईल.

बीजतपासनीस

प्रयोगशाळेत 0.2 टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाने कागद भिजवून आम्ही हेच करत असू, कारण तेथे आम्हाला बी जिवंत आहे का एवढेच ठरवायचे असते. माळावर मात्र मी असे करणार नाही. सगळे एकदम उगवणे हीच तेथे सर्वात धोक्याची गोष्ट आहे.

आपल्या भागात 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही खंड पाडत. मे महिन्यात वळवाची एखादी जोरदार सर येते, माती दोन दिवस ओली राहते आणि त्यानंतर तीन आठवडे पावसाचा थेंब नसतो. मृगाचा पाऊस वेळेवर आला तरी पुढे ओढ देतोच. पहिल्या सरीला जागी झालेली सर्व रोपे दोन पानांवर असताना करपतात. ज्या दाण्यांची झोप अजून पूर्ण मोडलेली नाही, ते मात्र तसेच राहतात आणि पुढच्या झडीला उगवतात. सुप्तावस्थेला बियांचा दोष समजून आपण ती संपवली, तर गवताने हजारो वर्षांत जमवलेली ही राखीव पुंजी एका सरीवर उधळल्यासारखे होईल. बहुतेक बहुवर्षायू गवतांचा मातीतील बीजसाठा फार वर्षे टिकत नाही, म्हणून ही पुंजी मोठी नसते. पण एका पावसाळ्यातील दोन-तीन संधींसाठी ती पुरते.

म्हणून मी निम्मे बी पूर्ण उन्हाळा मुरलेले आणि निम्मे त्याहून कमी मुरलेले घेईन. पहिले लवकर उगवेल, दुसरे मागे राहील. धुराचे पाणी वापरायचेच असेल तर मिश्रणाच्या लहानशा भागाला वापरून, शेजारी न वापरलेला पट्टा ठेवावा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

पाऊलवाट

पेरणीविषयी आमच्या संस्थेत शिकलेल्या काही गोष्टी सांगते. दाणा खोल पुरू नये. अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खाली गेलेले बारीक बी वर येत नाही, आणि उजेड तसेच दिवस-रात्रीच्या तापमानातील चढ-उतार ही अनेक गवतांच्या बियांना मिळणारी ‘आपण जमिनीच्या पृष्ठभागाजवळ आहोत’ अशी खूण असते. तिफणीने पेरलेले गवत म्हणूनच फसते. आम्ही काटेरी झुडपाची फांदी ओढून मुरूम ओरखडतो, बी मुठीने फेकतो आणि वरून शेळ्यांचा कळप एकदा चालवतो. त्यांच्या खुरांनी बी मातीला चिकटते. त्यानंतर मात्र दोन वर्षे कडक चराईबंदी पाळावी लागते.

हलके, केसाळ बी वाऱ्याने उडते आणि मुंग्या ते वारुळाकडे ओढून नेतात. त्यावर माती, शेण आणि बारीक वाळू यांत बी कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात. गोळ्या सावलीत सुकवाव्यात आणि एका गोळीत चार-पाचच कणिशिका असाव्यात. लाडवाएवढे बीजगोळे छायाचित्रात शोभतात, पण एका जागी पन्नास रोपे उगवून एकमेकांचा घास घेतात.

साठवणीसाठी सुती पोते किंवा गोणपाट घ्यावे, बी पूर्ण वाळलेले असावे आणि उंदरांपासून टांगलेले असावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी भरले तर महिन्याभरात बुरशी येते.

दुष्काळी

गरम पाण्याचा सल्ला मी मागे घेतो. एक शंका आहे. आमच्या गावात ज्याला कुसळी म्हणतात, त्याच्या कुसळाला तीन फाटे असतात आणि ते गवत गुडघ्याखालीच राहते. ते हेच का?

बीजतपासनीस

नाही, ते अ‍ॅरिस्टिडा वंशातील गवत असावे. कुसळ असलेल्या प्रत्येक गवताला कुठे ना कुठे कुसळी म्हणतातच. तीन फाट्यांचे ते गवत उजाड, अतिचराई झालेल्या माळावर आपोआप येते. ते मुद्दाम पेरण्याची गरज नाही. बी गोळा करताना प्रत्येक जातीचे एक रोप मुळासकट वाळवून, गाव, तारीख आणि जमिनीचा प्रकार लिहून कागदात ठेवावे. नाव नंतर ठरवता येते.

माळकरी

यंदाचे ठरले ते असे. गोळा करणे एकदाच न करता आम्ही ऑक्टोबरच्या मध्यापासून दर आठ दिवसांनी फेरी करणार आहोत, कारण ही गवते एका वेळी पिकत नाहीत. टोकाचे दाणे गळू लागले तरी खालचे हिरवेच असतात. दर फेरीत शंभर कणिशिका नखाने दाबून तीसपेक्षा कमी भरल्या असतील, तर ते कुरण सोडून पुढे जायचे. डोंगरीला मात्र हा नियम लावणार नाही, तिच्या झुबक्याचे गणित आता कळले आहे. शेजारच्या कुरणाच्या मालकांनी एक कोपरा बी धरेपर्यंत न कापण्याचे मान्य केले आहे. तेथील गवत बियांसकट कापून आमच्या उताराच्या दीड एकरावर पसरू. शिल्लक जुने बी आणि नवे बी वेगवेगळ्या गोणपाटांत, चिठ्ठ्या लावून, पत्र्याच्या त्याच खोपटात टांगणार आहोत. उंदरांसाठी मांजर आणायचे की दोरीला पत्र्याची थाळी अडकवायची, यावर अद्याप एकमत झालेले नाही.